कोपर, पाच किलो

ती वही अजून आहे. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग,
आत माझं तेव्हाचं अक्षर, उजवीकडे कललेलं.
बॅलार्ड इस्टेटमध्ये, भरूचा आणि कंपनीत,
मी जहाजांना भाजी पुरवायचो :
बटाटे पोत्यांनी, कांदे पोत्यांनी, बर्फाच्या लाद्या,
आणि अधूनमधून एखाद्या भटारखान्याची लहर.

पोलंडच्या बोटीवरून चिठ्ठी आली : कोपर, पाच किलो.
मी नवा. वाटलं, कॉपर.
तांबाकाट्यावर अर्धा दिवस घासाघीस करून
पाच किलो तांब्याची तार आणली,
यलो गेटच्या शिपायाला पावती दाखवली,
शिडी चढलो
आणि भंडाऱ्याच्या पुढ्यात ते वेटोळं ठेवलं.

तो हसला नाही, एवढं आठवतं.
तारेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
मग फळीवरून एक कागदी पुडी काढून
माझ्या नाकाखाली धरली.
तळाशी चिमूटभर काहीतरी, वाळून करडं झालेलं.

शेपू.
ज्याच्या वासानं मी शाळेतून येता येता
जिन्यातूनच परत फिरायचो,
तो.

तारेचे पैसे भरूचाशेटनी माझ्या पगारातून कापले,
चार हप्त्यांत, आणि दर हप्त्याला हसून.
तार माळ्यावर आहे. आता हिरवी पडलीय.

भायखळ्याच्या मंडईत सुलाबाई डुंबरे, ओतूरच्या.
"कोपर?" त्यांनी जुडी झटकली, पाणी माझ्या सदऱ्यावर.
"भाजीला कोपर म्हनत्यात?
मंग गुडघा कशाला म्हनत्यात?"
पण वीस जुड्या मोजून एकविसावी वर टाकली,
त्या लांबच्या माणसाला, म्हणाल्या, माझ्याकडून.

मग मला नादच लागला.
वही उलटी करून मागच्या पानापासून
नावं लिहायला घेतली, बोट लागेल तसतशी.
रशियनांचा उक्रोप,
बोलताना पायरी चुकल्यासारखा.
ग्रीकांचा आनिथोस. फिनलंडचा तिल्ली.
स्पेनचा एनेल्दो मी तीनदा म्हणून घेतला,
नुसता आवडला म्हणून.
रुमानियाचा मरार एकानं इतका हळू सांगितला
की मला वाटलं, त्याच्या गावाचं नाव.
हंगेरीला समुद्र नाही, तरी तिथला एक खलाशी भेटलाच;
तो कापोर म्हणाला,
मी कापूर लिहिलं आणि खोडलं.
खोडलेलं अजून दिसतं.

सुलाबाई विचारायच्या, आज कोण आलंय?
मी नाव सांगायचो, त्या तोंडात घोळवायच्या,
चिंचोक्यासारखं,
मग म्हणायच्या, मुळं कापू नका म्हनावं,
पान्यात उभी ठेवा.
हे मात्र मला कुठल्याच भाषेत सांगता यायचं नाही,
हातानं दाखवायचो.

नॉर्वेचा एक म्हातारा सारंग होता.
त्याचा डिल, इंग्रजांसारखाच; मी निराश झालो.
तो म्हणाला, थांब.
आमच्या जुन्या बोलीत डिल्ला म्हणजे जोजवणं.
खरं खोटं त्याला ठाऊक.
पण दोन्ही हातांचा पाळणा करून
त्यानं तिथंच, डेकवर, रिकाम्या हवेला झोके दिले,
आणि दंडावर गोंदलेला नांगर
पुढं मागं, पुढं मागं.

त्या रात्री परळला, आमच्या खोलीत,
तीन दिवसांची मुलगी रडून रडून निजली होती.
बायकोच्या उशाशी डबीत बाळंतशोपा.
त्याचंच बी. रोज जेवणावर तिनं खाल्लं होतं
आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.
अंधारात डबी उघडली, दोन दाणे दाताखाली धरले.
तोच वास, पण जिन्यातून परत फिरावं असा नाही.

"काय शोधताय?" ती जागीच होती.
"नाव," मी म्हणालो.
"बारशाला अजून नऊ दिवस आहेत," ती म्हणाली,
"झोपा आता."