बारा ग्रॅमचं पाप

काचेवर चार काटे मांडले.
दोन रातांबे सोनारांचे, उसने,
एक घरचा, बटणाच्या खाचेत अजून कणीक,
एक सारसोळ्याच्या सुकटवालीचा.
वास येतो त्याला, पण खोटं बोलत नाही.

आधी एकच मिठाचा पुडा
चौघांवर फिरवला.
चौघांची चार मतं.
सोनारांचा एक, दोन ग्रॅम चढा दाखवतो.
त्यांना सांगायचं की नाही, ते नंतर बघू.

काच डुलत होती.
एका कोपऱ्याखाली विजेच्या बिलाची घडी सरकवली,
मग गाडी ठेवली.
हातभर लांब, पिवळी, बॅटरीसकट तेराशे बासष्ट.
पुढचं डावं तीनशे सत्तावीस, उजवं तीनशे एक्केचाळीस.
मागचं डावं तीनशे बावन्न, उजवं तीनशे बेचाळीस.

डावी बाजू, उजवी बाजू, जवळपास सारखीच.
वरवर बघणारा इथेच खूश होऊन चहाला जातो.
पण तिरकं जोडा.
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
खाटेची काथ्याची वीण बघतात तसं.
चोवीस ग्रॅमचा पीळ.

सत्तावीस वर्षं तुर्भ्याच्या वजनकाट्यावर
मी अख्खे ट्रक तोलले.
कांदा, सळई, एकदा सर्कशीचा तंबू.
कुठल्या चाकावर किती, हे कुणी विचारलं नाही.
पावती फाडा, पुढचा.

प्रांजल म्हात्रेला आकडे सांगायचे नसतात.
तेरा वर्षांची. रिमोट छातीशी धरते,
डोळे गाडीवर, बोलते मात्र माझ्याशी:
काका, डावीकडे ती ऐकत नाही.
काका, उजवीकडे शेपूट टाकते.
काका, आज ती रुसलीये.
रुसणं किती ग्रॅमचं असतं
हे शोधणं, एवढंच माझं काम.

उजव्या पुढच्या स्प्रिंगची कॉलर पाव फेरा सैल.
डाव्या पुढच्याची पाव फेरा आवळली.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.
(हे मला डॉक्टरांनीही सांगितलं होतं,
गोळ्यांच्या बाबतीत. ऐकलं नाही.)
तिरकी बेरीज: सहाशे एक्क्याऐंशी, सहाशे एक्क्याऐंशी.
वहीत दोनदा रेघ मारली.

रविवार, सकाळचे सात, घणसोली.
बंद गोदामामागचं पार्किंग,
पाण्याच्या जुन्या पाइपांनी आखलेली वळणं,
टायरांच्या औषधाचा गोडसर वास.
पहिलं वळण छान. दुसरं छान.
तिसऱ्यावर, डावीकडे, नाक पुन्हा बाहेर,
पाइपावर आपटली, उलटी, चाकं हवेत गरगरत.

काका.
हो, बघितलं.

बॅटरी चार मिलिमीटर पुढे. नाही.
पुढचे डँपर पातळ तेलाचे. नाही.
तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ, विहंग,
तिसऱ्या वळणावर खिशातली गोटी ठेवून बसला,
आणि गोटी निघाली.
कुणी हात न लावता, सावकाश,
पाइपाखालून, खाडीच्या दिशेने.

इथे मिठागर होतं.
माझा बाप इथेच फळीने मीठ ओढायचा.
वर भराव पडला, वर डांबर,
पण खालचं अजून बसतंय,
दर वर्षी बोटभर, या एकाच कोपऱ्यात.
माझी काच सपाट होती.
जमीन नव्हती.

तर मग पाना पुन्हा काढला.
एका पारड्यात ठरवून बारा ग्रॅम जास्त,
डावं पुढचं आणि उजवं मागचं जड.
जन्मभर ज्याला मापात पाप म्हटलं
ते स्वतःच्या हाताने, उजेडात, चष्मा लावून.

मी म्हटलं, उजव्या वळणांना जरा सुटेल बघ.
ती म्हणाली, तिथे मी हळू होईन.

बारा लॅप. तिसऱ्या वळणावर
एकदाही पाइपाला शिवली नाही.
सहाशे सत्त्याऐंशी, सहाशे पंच्याहत्तर.
वहीत लिहिलं. खाली रेघ नाही मारली.
पावसाळ्यानंतर पुन्हा गोटी ठेवायची.