पोचलं का?

आधीच्या माणसानं सर्व्हरांना नद्यांची नावं दिली होती.
एरंडवण्याच्या ऑफिसात मुठा,
चाकणच्या प्लांटवर इंद्रायणी.
तो बंगळूरला गेला. पासवर्ड ठेवून गेला,
आणि वहीत पेन्सिलीनं एक ओळ :
जे एकीकडे, ते दुसरीकडे. लक्ष ठेव.

मी लक्ष ठेवलं नाही.

चाकणला एका दुपारी वीज गेली.
यूपीएसच्या बॅटऱ्यांची फाइल तेव्हा अकाउंट्समध्ये
सहीसाठी पडून होती.
इंद्रायणी दाणकन पडली, मग उठली,
पण बिचकून उठली.
लॉगमध्ये लिहून बसली, बावीसशे तेरा :
मी नीट बंद झाले नव्हते.
कुणी सांगेपर्यंत पुढे जाणार नाही.

हिरवा दिवा लागलेला. फोल्डर उघडत होते.
कुणाला काय कळणार?

साठ दिवस थांबतात. तसा नियमच आहे.
त्यानंतर गप्प राहिलेल्याचं ऐकत नाहीत,
त्याच्याकडचं शिळं असेल म्हणून,
पुसलेलं पुन्हा उठवून आणील म्हणून.
मी पाहिलं तो त्र्याऐंशीवा दिवस.
चार हजार बारा. लाल गोल.

उपाय पाठ होता. इंद्रायणीला गटातून काढायचं,
परत घ्यायचं, मुठेला मुख्य म्हणायचं.
मग मुठा सांगेल ते खरं,
आणि इंद्रायणीचं वेगळं काही असेल ते
एका लपवलेल्या फोल्डरात, मुकाट.
बटणावर बोट होतं.
का कोण जाणे, आधी फोन लावला.

"मुजावरभाई, तुमच्याकडं नवीन काही?"
"नवीन म्हंजे? रोज काढतोय की मॅडम.
गिअरबॉक्सचं सगळं हितंच झालं."

त्र्याऐंशी दिवस.
शिळं ठरलेल्या मशीनवर
एक माणूस रोज सव्वाआठला बसून
ताज्या रेघा ओढत होता.

त्या रात्री मी नाशिक फाट्याच्या पुढे कॅबमध्ये,
मांडीवर रिकामी हार्ड डिस्क,
ट्रकांच्या मागच्या दिव्यांत मोशी, मग चाकण.
आधी सगळं उतरवून घेतलं. एकूण एक.
मग बटण.

स्टेजिंगला जागा चार जीबी, ड्रॉइंग त्याहून जाड.
दारात सामान अडावं तसं सगळं अडलं.
जागा वाढवली. थकबाकीचा आकडा विचारत राहिले :
अठरा हजार चारशे. अठरा हजार चारशे.
अठरा हजार तीनशे नव्व्याण्णव.
वॉचमन बोऱ्हाडेंनी खुर्ची आणून दिली.
म्हणाले, "उतरतंय ना? मग बसा."

पहाटे एकच फाइल उरली. शाफ्ट, दुसरा टप्पा.
दोन्हीकडे बदललेली.
एरंडवण्यात वैशंपायनांनी व्यास बेचाळीस केलेला,
इथं मुजावरांनी एक्केचाळीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव.
ज्याचा हात शेवटचा, तो जिंकतो.
वैशंपायनांचा हात नंतरचा, अकरा मिनिटांनी.

सव्वाआठला मुजावर आले. डबा ठेवला, चष्मा पुसला.
"मशीनवर तर माझंच माप गेलंय.
बेअरिंग बसत नव्हतं."
मी त्यांचं ड्रॉइंग लपवलेल्या फोल्डरातून काढलं.
नाव बदललेलं होतं, मागे आकड्यांचं शेपूट.
त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.
"ह्यो मीच का?"

वैशंपायनांना फोन लावून दिला.
चौदा वर्षं एकाच शाफ्टवर काम, बोलणं पहिल्यांदाच.
मायक्रॉनवरून भांडले. मी बाहेर जाऊन चहा प्यायले.

नंतर चाचणीसाठी मुठेवर एक फाइल टाकली.
आत दोनच शब्द : पोचलं का?
मिनिटभरानं ती परत आली, एक ओळ जास्त घेऊन :
पोचलं. जेवून जा.

मुठा आणि इंद्रायणी थेट कुठंच मिळत नाहीत,
दोघींचं पाणी पुढं भीमेत जातं.
आधीच्या माणसाला हे माहीत असणार.

ती फाइल मी पुसलेली नाही.
परवा उघडली तर खाली तिसऱ्याच कुणाचं :
बॅटऱ्या आल्या का?