एकोणिसाव्या मिनिटाला

लीड्सहून आलेला माणूस गॅरेजात गुडघ्यांवर बसून
माझ्या रेकॉर्डी चाळतोय.
बोटं सराईत, गहू निवडणाऱ्या बाईची:
ही नको, ही नको, ही चालेल, ही... अरेच्चा.
मी चहा घेऊन उभा.
कुंदा असताना कधी कबूल केलं नाही
की यातल्या निम्म्या मी दुसऱ्यांदा ऐकल्याच नाहीत.
तिला ते माहीत होतं. धूळ तीच पुसायची.

‘अरेच्चा’ म्हणजे ही:
पांढरं कव्हर, रबरी शिक्का, तीनशे प्रती,
शेफील्ड, मार्च एकोणऐंशी.
पबच्या माडीवरची खोली, खाली डार्ट्स चालू,
वर आम्ही अकरा जण.
त्यातला एक संडास शोधत आलेला,
तोही बसला.

ऑटरबर्न सॅक्सोफोनमधून
सूर सोडून बाकी सगळं काढत होता,
थुंकी, दम, बिजागरीची कुरकुर,
आणि हेझल प्लँट डबल बास आडवा पाडून
त्याच्या पाठीवर सुतळीचा गोळा घासत होती.
मी पोलादाच्या कारखान्यातून, प्रयोगशाळेतून थेट आलेलो,
कोटाला ॲसिडचा वास.
सम शोधत होतो. सवय, दुसरं काय.
सम आलीच नाही.
तासाभराने मी तिची वाट बघणं सोडलं
तेव्हा कुठे ऐकू यायला लागलं.

मग लेनची झांज स्टँडवरून निसटली.
आडवी पडली नाही. काठावर उभी राहिली
आणि निघाली की फळ्यांवरून,
घरंगळत, जराशी लंगडत.
तिघांनीही हात थांबवले, तिलाच वाजू दिलं.
खुर्च्यांमधून वळत ती सरळ माझ्याकडे आली.
मी पाय पुढे केला.
बस्स, एवढंच.

ऐंशी भाग तांबं, वीस भाग कथील,
म्हणजे जवळजवळ कासंच.
सिन्नरला आत्या तळपायाला तूप लावून
काशाची वाटी घासायची,
वाटी काळी पडली की दाखवायची,
“बघ, केवढी उष्णता होती.”
बुटाच्या तळव्यातून तीच थरथर वर आली,
गुडघ्यापर्यंत.

रेकॉर्डवर ते आहे. पहिली बाजू, एकोणिसावं मिनिट:
घरंगळ, घरंगळ, घर
आणि मग चार सेकंद काही नाही.
खाली कुणीतरी हसतं, बहुतेक नेम चुकलेला.
मग पुन्हा सुतळी.

कव्हरवर तीन नावं आहेत.
माझं असायचं काही कारण नाही.
लेन वारला. हेझल पुढे शाळेत शिकवायची म्हणे.
आणि नंतरची पंचेचाळीस वर्षं
मी एवढ्या तबकड्या कशाला जमवल्या, विचाराल तर,
कुठल्या तरी दुसऱ्या रात्री, दुसऱ्या कुणाचा
पाय ऐकू येतो का, ते बघायला.
दोनदा वाटलं, आला.
एकदा ते मांजर निघालं.

लीड्सवाल्याने ती माझ्याच डेकवर लावली,
मान तिरकी करून ऐकली.
“इथे दोष आहे,” म्हणाला, “आवाज तुटतो.
नाहीतर शंभर दिले असते. साठ.”

मी त्याला साखर किती विचारलं.
सुई पुढे गेली होती, सुतळीपाशी.
डावा पाय मी अजून
फरशीवर दाबून धरलेला.