दरडोई

फॉर्म क्रमांक एकशे बारा. गाव खोला, तालुका काणकोण.
कुटुंबप्रमुख : सोमी वेळीप. नवरा वारलेला.
मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात, कंत्राटी;
चवथीला येतो आणि गणपतीसोबतच जातो.

छप्पर? अर्धं कौलांचं, अर्धं पत्र्याचं.
अर्ध्याला रकाना नाही. कौलं लिहिलं.
पाणी? डोंगरातल्या झरीचं, मेपर्यंत.
फ्रिज?
ती हसली, आणि दार उघडूनच दाखवलं.

पाळोळ्याचं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा
पोरानं टेंपोत घालून आणलेला.
वायर उंदरांनी खाल्लेली. आत
सुक्या मिरच्या, शंभराशंभराचे वाटे,
बियाणं, रेशनकार्ड,
प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचा फोटो.
'पावसात सादळत नाय,' म्हणाली.

प्रश्न एवढाच होता : आहे की नाही.
चालतो का, हे विचारायचं नव्हतं.
मी 'आहे'वर खूण केली.

पणजीत आमच्या ऑफिसात एक तक्ता आहे,
राज्याचं दरडोई उत्पन्न; वर चढणारी हिरवी रेघ
मीच स्केचपेननं रंगवलीय.
मांडवीतल्या दिव्यांच्या बोटीवर
रात्रीत कमावलेलं, आणि हिचे मिरच्यांचे पैसे,
एकाच बेरजेत पडतात.
मग भागायचं. भाग बरोबर जातो.

'बाकी काय, बाये?' उठताना सवयीनं विचारलं.
'बाकी ही,' तिनं पाटीकडे बोट केलं.
पुरुमेंताच्या फेस्ताला मडगावला न्यायची होती.
वाटेवरचा एक पोरगा शेकडाभर मागायला आला,
तिनं पाच-पाच करत शंभर मोजल्या
आणि वर सात टाकल्या.
वरताळा कशाला, म्हटलं,
तर माझ्याकडे असं बघितलं
की मोजणं मला येतच नाही.

'हात लाव रे.'
मिरची हलकी, असं मी धरून चाललो होतो.
खाली भोपळे होते, तवशी होती, कोयता होता.
पाटी तिच्या डोईवर बसली,
मान एकदा आत गेली, मग सरळ झाली,
आणि ती उतरणीला लागली,
साडेसातच्या बसच्या दिशेनं, मागं न बघता.

पेन माझ्या हातात होतं. रकाना समोर होता.
खाडाखोड केलेला फॉर्म बाद,
असं प्रशिक्षणात दोनदा सांगितलंय.
पुढचं घर चढावर.
शर्टाच्या खिशात मूठभर मिरच्या,
कधी टाकल्या तिनं, कळलंच नाही.