काउंटर नंबर दोन, असोळणा

आमच्या शाखेत पंखे चार.
त्यातला काउंटर नंबर दोनवरचाच फिरतो,
तोही नोटा उडवण्यापुरता.
काचेला हात जाईल एवढं अर्धगोल भोक.
त्या भोकातून मी एकवीस वर्षं जग पाहिलं.
खरंच सांगतो, जग.
मी डिचोलीचा. बोटीवर कधी चढलो नाही,
कावेलोशीची फेरीबोट सोडून.

शुक्रवारी कुवेतहून मिंगेलचा फोन:
"कॅम्पची गाडी आठवड्यातून एकदाच शहरात सोडते.
माझी पाळी येते तेव्हा
बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो.
पैसे पोचले का, तेवढं सांग."
पोचलेले असायचे. कधी सोमवारी.
कधी मीच खोटं सांगायचो, पोचले म्हणून,
आणि मंगळवारी सुटकेचा श्वास टाकायचो.

लिनेत स्विंडनला गेली.
तिची तिथली शाखा हमरस्त्यावर होती,
आता तिथे कॉफी मिळते.
तिजोरीचं दार ठेवलंय म्हणे शोभेला,
आत दोन टेबलं, एक फुलदाणी.
गोदामातली रात्रपाळी संपवून
दोन बस बदलते ती, एक चेक भरायला.
"अंकल, असोळण्यात बरं होतं,
मीस सुटली की चालत."

आंतोन जहाजावर. जहाजाला शाखा नसते.
त्याची सही नमुना-कार्डावरच्या सहीशी जुळत नाही,
मध्ये समुद्र येतो.
नियमाने परत पाठवायला हवी.
मी भिंग धरून बसतो,
शेवटच्या अक्षराचं शेपूट ओळखीचं वाटतं,
शिक्का मारतो.

आणि कायतान बाब.
वर्षातून एकदा, छत्री दाराला टेकवून,
पिशवीतून काढायचे आफ्रिकेतलं पासबुक.
लोरेन्सो मार्किस. पानं सुपारीच्या सालीसारखी.
"व्याज घालून दे."
मी म्हणायचो, बाब, ती बँक गेली,
तो पैसा चालत नाही,
त्या शहराचं नावसुद्धा बदललं.
सगळं नीट ऐकून घ्यायचे. मग,
"नाव बदललं. शहर आहे ना जागेवर?"
ह्याला आमच्या परिपत्रकांत उत्तर नाही.

जुलैत नोटीस आली:
ही शाखा मडगाव शाखेत विलीन.
गुरुदास वेळीपने ती वाकडी चिकटवली.
सरळ कर म्हटलं, तर म्हणाला,
राहू दे साहेब, मान वाकडी करून तरी वाचतील.

विलीन.
साळ रोज बेतूलला समुद्रात विलीन होते,
पण उरते ना इथेही, पुलाखाली,
कुणाच्याही दारात.

पिएदाद मांय नोव्हेंबरात येते, हयातीच्या दाखल्याला.
नवऱ्याचं पेन्शन, त्याच्या कंपनीचं, परदेशातलं.
मी तिच्याकडे बघायचं आणि लिहायचं:
समक्ष हजर, जिवंत.
यंदा ऑगस्टातच आली.
"आताच लिहून ठेव.
मी जिवंत आहे, पण माझे गुडघे
मडगावपर्यंत जिवंत नाहीत."
नव्या मॅनेजरने मोबाइल धरला, चेहरा चौकटीत आणा,
डोळे मिचकावा.
ती मिचकावेना. परपुरुषासमोर कसे, म्हणाली,
आणि हसली, दात नसलेली.
बोटाचं यंत्र दिलं, तर ठसा उमटेना.
रेषा कधीच खाल्ल्यात
मिठाने, खारवलेल्या बांगड्यांनी.
मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं: जिवंत.
तारीख घातली नाही.
कुठे चालेल तो कागद, मला माहीत नाही.
"देव बरें करूं," म्हणाली, घडी करून छातीशी ठेवला.

शेवटच्या दिवशी कॅश नेणारी गाडी अकराला येऊन गेली.
दोऱ्याने बांधलेलं पेन मी सोडवत होतो,
गाठ एकवीस वर्षांची, नखाला दाद देईना.
तेवढ्यात छत्री दाराला टेकली.
कायतान बाबांनी वाकडी मान करून नोटीस वाचली,
पिशवीतून आमचं पासबुक काढलं, निळं,
मग ते दुसरं.
दोन्ही एकावर एक ठेवली,
रबर लावलं, दोनदा पीळ देऊन.
"बरं तर. येतो पुढच्या वर्षी."
कुठे, ते मी विचारलं नाही.