चौदा

सोहारच्या इस्पितळात रात्रपाळीला
मी माणसांची डोकी बघते.
आतून.
एकेक काप पाच मिलिमीटरचा,
खोबऱ्याच्या खापेसारखा.

आज टगबोटीवरचा सारंग आला, सलाउद्दीन टिसेकर,
गाव दाभोळ, वय अठ्ठावन्न, उजवा हात लुळा.
कंपनीच्या माणसाने कागदावर लिहिलंय : बोलत नाही.
बोलतो की.
नाव विचारलं. म्हणाला, चौदा.
दुखतंय का? चौदा.
पाणी हवंय? त्यावर जरा थांबून, आवाज खाली आणून,
लहान मुलाची समजूत काढावी तसं,
चौ...दा.

पडद्यावर डाव्या कपाळामागे एक पांढरा डाग,
डबीतून सांडलेल्या चुन्याएवढा.
तिथे वाक्यं जुळतात.
पाठ होतं मला सगळं :
मागच्या भिंतीशी डोळ्यांचं काम,
खाली मानेवर तोल,
कानशिलाच्या आत ऐकलेल्याचा अर्थ,
आणि माथ्यावरून कानाकडे उतरणाऱ्या पट्टीवर
एक उलटा माणूस टांगलेला,
पाय वर, तोंड खाली,
अंगठा अख्ख्या पाठीपेक्षा मोठा.
परीक्षेत त्याची आकृती काढून दहापैकी नऊ मिळवले होते.
त्याचं गावही असतं कुठेतरी,
हे विचारलं नव्हतं.

या शहराचंही तसंच आहे म्हणा.
सुया टोचाव्यात कोट्टयमच्या मुलींनी,
गल्ल्यावर सेबूहून आलेली पोरं,
फरशी पुसावी सिल्हेटच्या बापांनी.
कुणी कुणाच्या कामात हात घालायचा नाही,
बताक्यावर धंदा छापलेला असतो.
माझ्या बताक्यावर नाव चुकलंय.
धंदा बरोबर आहे.

डॉक्टर बुशरा अल-बलूशी पडद्याला नाक लावून म्हणाल्या,
घर शाबूत आहे. दार अडकलंय.
आणि चहाला गेल्या.

मग मी करू नये ते केलं.
माइकचं बटण दाबून म्हटलं,
बे एके बे.
यंत्राच्या पोटातून, जराही न अडखळता,
बे दुणे चार.
बे त्रिक सहा. बे चोक आठ.
शाळेच्या पडवीतला तोच हेल,
शेवटचा आकडा जमिनीवर आपटणारा.
बे साती
म्हणताना माझाच श्वास अडकला,
चौदा, म्हणाला तो,
आणि तिथे थांबलाच नाही, ओळखही दाखवली नाही,
बे आठी सोळा, बे नवे अठरा,
बे दाहे वीस.
पाढ्यांचं गोदाम वेगळं असतं.
शिव्यांचंही. नमाजाचंही.
पाणी तिथवर चढलेलं नव्हतं.

नाव काय, टिसेकर?
चौदा.

पहाटे दाभोळहून हलीमाबाईंचा फोन.
मी तो त्यांच्या डाव्या कानाशी धरला.
चार वेळा चौदा, चार निरनिराळ्या चालींत,
(सूर उजवीकडे राहतो, त्याला धक्का नाही)
आणि पलीकडून प्रत्येकाला जाब :
होय, भाड्याचे पैसे दिलान त्यानं.
नाय, पंप अजून तसाच हाय.
मी रडत नाय.
तिसऱ्या चौदाला तर त्या हसल्या.
एकतीस वर्षांचा संसार, त्यातली सव्वीस वर्षं फोनवर.
मी विचारलं, चौदा म्हणजे काय हो?
म्हणाल्या, म्हायती नाय.

पाळी संपली. गाडीत बसले.
बंदराचे दिवे अजून विझले नव्हते,
ॲल्युमिनियमच्या कारखान्याकडून तो तापलेला वास.
माझ्या डोक्यात कधी चुना सांडला
तर कोणता शब्द उरेल?
मुलीचं नाव उरावं असं वाटतं.
पण अकरा वर्षं, रात्री वीस-वीस वेळा,
मी माइकमध्ये जे म्हणत आले
तेच उरणार, माझी खात्री आहे :
हलू नका.
तहान लागली, हलू नका.
उजेड डोळ्यावर येतोय, हलू नका.
जेवलीस का गं, आज शाळेत काय झालं,
हलू नका.

सिग्नलला काच वर करून
मी एकदा म्हणून पाहिलं,
मायेनं.
पोलिसासारखं आलं.
परत म्हटलं.