न्यूट्रल

तीन आठवडे कंपनीनं जर्मनीला धाडलं होतं,
गिअरबॉक्सच्या दात्यांचा आवाज ऐकायला.
चाकणलाही मी वीस वर्षं तेच करतो,
कान लावून बसतो.

शनिवारी भाड्यानं गाडी घेतली.
सही करताना हात थरथरला;
लग्नाच्या रजिस्टरवर एवढा थरथरला नव्हता.
(हे सुनंदाला सांगितलेलं नाही.)
पहिला तासभर इंडिकेटर द्यायला जायचो
आणि वायपर फिरायचे,
लख्ख उन्हात मी पाऊस पुसत चाललेलो.

मग तो रस्ता आला, वेगाला मर्यादा नसलेला.
भीत भीत एकशे ऐंशीला गेलो.
बशीतला चहासुद्धा हिंदकळला नसता.
आरशात एक ठिपका दिसला, ठिपक्याची गाडी झाली,
मी डावी लेन सोडली आणि ती गेली.
हॉर्न नाही, अप्पर-डिप्पर नाही, शिवी नाही,
मुरलेला गवई समेवर येतो
तशी आपल्या जागी येऊन पुढे निघून गेली.
भुरळ पडली. खोटं कशाला बोलू?

पुढे एका खेड्यात, चर्चपाशी, आंधळं वळण.
माझ्या अंगठ्यानं मला न विचारता हॉर्न दिला.
शेतातून एक म्हातारा
ट्रॅक्टरवरून उतरून धावत आला.
काय झालं, कुणाला लागलं का,
असं काहीतरी विचारत असावा.
त्याच्या भाषेतले सहा शब्द मला येतात,
त्यातले चार गिअरबॉक्सचे.
मी हसलो. तो हसला नाही.
गाडीभोवती एक फेरी मारली,
चारही चाकं वाकून पाहिली,
मग गेला.

हे सगळं दस्तगीरला सांगितलं, भवानी पेठेत.
माझ्या सत्याहत्तरच्या फियाटचा कार्बोरेटर
तो दात घासायच्या ब्रशनं घासत होता.
"बॉनेट उघडून बघितलं का?"
बघितलं. काळं प्लास्टिक, झाकणावर झाकण.
"मग हात कुठं घालायचा?"
घालायचाच नाही, म्हटलं.
त्यानं ब्रश झटकला.
"बिचारे," एवढंच म्हणाला.
गाड्या की माणसं, ते मी विचारलं नाही.

ठरवून आलो होतो, झेब्रावर थांबायचं.
बाजीराव रस्ता, सकाळचे साडेदहा,
पट्टे अर्धे झिजलेले. थांबलो.
कडेला एक बाई, पिशवीतून शेपू डोकावतेय.
एक पाऊल पुढे, एक मागे.
मी हातानं खुणावलं, या.
तिनं खुणावलं, तुम्ही व्हा पुढे.
पुन्हा मी. पुन्हा ती.
इतका आग्रह मी फक्त पंगतीत पाहिला होता.
मागे आख्खी पेठ वाजायला लागली.

शेवटी ती खिडकीशी आली.
"बंद पडली का हो?"
मी नाही म्हणायच्या आत
वळून तिनं आवाज टाकला:
"अहो, वाजवताय काय! बंद पडलीय यांची.
हात लावा जरा!"

आणि हॉर्न थांबले.

स्कूटर स्टँडला लावून एक पोरगा आला,
पाठीवरचं पार्सलांचं दप्तर सावरत दुसरा,
रसवंतीतला एक, हाताला ऊस चिकटलेला.
"काका, न्यूट्रलला टाका!"

इंजिन चालू होतं.
दस्तगीरनं ते असं काही बसवलंय
की आत बसलेल्यालाच ऐकू यावं,
आणि तेही कान लावला तर.

सांगायला हवं होतं.
मी स्टिअरिंगजवळचा दांडा मधे आणला,
ब्रेकवरचा पाय उचलला.
डिकीवर तळहात टेकल्याचे आवाज आले,
तीन, मग चौथा कुणाचा तरी,
आणि पट्ट्यांवरून गाडी पुढे सरकली.

आरशात पाहिलं.
बाई पलीकडे पोचली होती,
पिशवी या हातातून त्या हातात घेत
वळून बघत होती,
चालू झाली का.